पाचट, तूस आणि मामांच्या घराचं छप्पर

जानेवारी-फेब्रुवारीत कोल्हापूरहून हायवेने बेळगावला निघालात, तर कागल ओलांडल्यापासून संकेश्वरच्या पुढेपर्यंत संध्याकाळी दोन्ही बाजूंना धूर दिसतो. ऊस तुटून कारखान्याला गेलेला असतो. मागे शेतात गुडघाभर पाचट उरलेलं असतं आणि खोडव्याला लवकर पाणी सोडायचं म्हणून कोणीतरी काडी लावतो. मग काजळी उडत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसते. तिथून दोनशे पावलांवरच्या स्लॅबच्या घरांत हीच माणसं एप्रिल-मेमध्ये रात्रभर कूस बदलत पडलेली असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मामांच्या घरामुळे कळलं.

माझं आजोळ निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठच्या एका गावात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं आजोळ असंच कुठेतरी चिकोडी, हुक्केरी, खानापूर नाहीतर चंदगडच्या बाजूला असणार, म्हणून जास्त वर्णन करत नाही. पांढऱ्या मातीच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मधे लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर माळा. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा आणि दूधगंगा दोन्ही फुगल्या आणि पाणी गावात चढलं. पक्की घरं उभी राहिली, मातीच्या भिंती मात्र चार-पाच दिवस पाण्यात राहिल्यावर खालून विरघळत गेल्या. आमच्या घराची मागची बाजू बसली. नंतर मामांनी जे बांधलं ते सगळ्यांनीच बांधलं: सिमेंटच्या विटा, स्लॅब, आणि गच्चीवर सामानासाठी म्हणून काढलेली पत्र्याची एक खोली, जिच्यात पुढे मामेभाऊ आणि त्याची बायको राहू लागले. पुन्हा मातीचं घर बांधा असं त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नसती. पुराचं पाणी ज्यांनी उंबऱ्यात पाहिलंय त्यांना 'पारंपरिक वास्तुकले'वर भाषण देण्यात काही अर्थ नाही.

पण स्लॅब तापतो. दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा वाजता ते आत सोडायला लागतो. मामींना रक्तदाबाचा त्रास आहे. मेमध्ये त्या पडवीत जाजम टाकून झोपायच्या. पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका. नातू दुपारी तिथे झोपेना. पुण्याच्या दुसऱ्या मामेभावाने एसीचे पैसे पाठवायची तयारी दाखवली, पण एसीला वीज लागते आणि उन्हाळ्यात नेमकी तीच जाते.

तेव्हा मामा एकदा बोलता बोलता म्हणाले, "आगं, जुन्या घरात माळ्यावर पिंजर असायचं, शेंगांची पोती असायची. खाली कधी एवढं तापलेलं आठवत न्हाई." ते सहज म्हणाले. मी मात्र त्या वाक्यापाशी थांबले.

पिंजर म्हणजे भाताचं वाळलेलं काड. ते उष्णता अडवतं ते स्वतः फार वेगळं असतं म्हणून नव्हे, तर त्याच्या पोकळ काड्यांमध्ये आणि काड्यांच्या मधे हवा अडकून राहते म्हणून. हलणारी हवा उष्णता वाहून नेते, अडकलेली हवा तिला फारशी पुढे जाऊ देत नाही. आपल्या घरांतून हे ज्ञान कायमच होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. आंब्याची अढी घातली की आंब्यांची ऊब पिंजरात कोंडून राहते आणि आंबा लवकर पिकतो. बर्फाच्या लादीवर लाकडाचा भुसा आणि गोणपाट टाकलेलं तुम्ही जत्रेत पाहिलं असेल. तिथे तेच तत्त्व उलट बाजूने लागू होतं. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांच्या प्रवासानंतर, त्यातला जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता. भुसा आणि गवत, एवढीच त्याची व्यवस्था.

मग हे बांधकामात कोणी वापरलंय का, असं शोधायला लागले आणि पहिलं उत्तर घराजवळच सापडलं. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा चिखल-मातीचा, आणि त्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. वेरूळला त्याहून मजेदार गोष्ट आहे. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्याला कीटकांनी पोखरलं, वेरूळच्या गिलाव्याला तसा त्रास झालेला दिसत नाही. त्याचं श्रेय ते त्या झाडाला देतात. युरोपात आज चुना आणि भांगेच्या कुळातल्या झाडाचा भुगा मिसळून भिंती भरतात आणि त्याला आधुनिक पर्यावरणपूरक बांधकाम म्हणतात. ते पीक आपल्या बांधावर कोणी लावू देणार नाही, आणि गरजही नाही. आपल्याकडे त्याच्या जागी तूस आणि चिपाड आहेच.

चिपाडाची गोष्ट तर आपल्या उसाच्या पट्ट्याने मुद्दाम ऐकावी अशी आहे. अमेरिकेत लुइझियाना हा उसाचा प्रदेश. तिथे १९२० च्या सुमारास ब्रोर डालबर्ग नावाच्या उद्योजकाने साखर कारखान्यातलं चिपाड घेऊन त्याचे हलके बोर्ड बनवायला सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्सजवळ मरेरो इथे कारखाना होता आणि बोर्डाचं नाव होतं 'सेलोटेक्स'. घरांच्या भिंती आणि छपरांच्या आत उष्णता अडवण्यासाठी, सभागृहांमध्ये आवाज शोषण्यासाठी हे बोर्ड अमेरिकाभर गेले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी उसाचं चिपाड हा घर थंड-उबदार ठेवणारा रीतसर बाजारी माल होता. पुढे खनिज लोकर आणि प्लास्टिकचा फोम आला आणि चिपाड मागे पडलं. एक कडवट योगायोग सांगते: २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, तेव्हा त्या इमारतीवर चढवलेल्या फोमवर हेच नाव होतं. कंपनी वेगळी, माल वेगळा. आग पसरण्याचं मुख्य कारण बाहेरचे ॲल्युमिनियम-प्लास्टिकचे पत्रे होते, आणि फोमने त्यात भर घातली. 'गवत पेटतं, फोम सुरक्षित' असं कोणी म्हणालं की मला ते नाव आठवतं.

आपल्याकडेही सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात, वेळापूरला चिपाडाचे बोर्ड बनवण्याचा कारखाना उभा राहिला. पण ते बोर्ड लाकडाला पर्याय म्हणून, कपाटं आणि पार्टिशनसाठी दाबून घट्ट केलेले. उष्णता अडवायला बोर्ड उलट हलका, भुसभुशीत हवा. हैदराबादच्या आयआयटीत चिपाडासारखा शेतीतला टाकाऊ माल चुन्यात कालवून विटा करण्याचं काम झालं आणि २०२१ मध्ये त्या विटांची एक छोटी चौकीही तिथे उभी राहिली. या विटा भार घेत नाहीत, लोखंडी सांगाड्यात भरायच्या असतात, पण मातीच्या विटेच्या कितीतरी हलक्या असतात.

आता थोडे आकडे, कारण नुसत्या कौतुकावर मामा पैसे खर्च करणार नव्हते. आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर दहा सेंटीमीटरच्या उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला साधारण साडेतीन वॅट उष्णता आत येते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये नव्या घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात छपरासाठी ही मर्यादा १.२ वॅट आहे. म्हणजे आपले बहुतेक स्लॅब त्या कसोटीला तिप्पटीने नापास. त्याच स्लॅबखाली चिपाडाचा पाच सेंटीमीटर जाडीचा हलका बोर्ड किंवा तितकाच तुसाचा थर आला, तर आकडा एकच्या खाली जातो. थर्माकोल याहून थोडा सरस ठरेल, पण फार नाही.

आणि माल किती लागतो? शंभर किलो भात भरडलं की साधारण वीस किलो तूस निघतो. दहा बाय बाराच्या खोलीवर दहा सेंटीमीटरचा थर द्यायचा तर सव्वाशे किलोच्या आत तूस पुरतो. म्हणजे सहा-साडेसहा क्विंटल भाताच्या तुसात एका खोलीचं छप्पर. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या एका राइस मिलच्या मागे किती खोल्यांची छपरं पडून असतात त्याचा हिशेब तुम्हीच करा.

इथवर मी फार उत्साहात होते. पुढचं वाचल्यावर थोडी शांत झाले, आणि तुम्हीही हा भाग गाळू नका.

पहिली अडचण साखरेची. चिपाडात थोडा तरी गोडवा राहतोच. ओल लागली की ते आंबतं, बुरशी येते, आणि त्या बुरशीची धूळ छातीत गेली तर 'बगॅसोसिस' नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. नावच चिपाडावरून पडलेलं. त्यामुळे कारखान्याच्या ढिगातलं जुनं, काळं पडलेलं चिपाड घरात आणायचं नाही, आणि काम करताना तोंडाला फडकं नव्हे तर नीट मास्क हवा. दुसरं म्हणजे साखर आणि सिमेंटचं जमत नाही. साखरेमुळे सिमेंट आवळायलाच मागत नाही. चुन्याचं मात्र उलट आहे. आपले जुने गवंडी चुन्यात मुद्दाम गुळाचं पाणी आणि हिरडा घालायचे. म्हणून चिपाड चुन्यात कालवतात, सिमेंटमध्ये नव्हे. आजोबांच्या पिढीला हे माहीत होतं, आमच्या अभ्यासक्रमात यावर एक ओळ होती.

तिसरी अडचण उंदरांची आणि वाळवीची. तूस स्वतः उंदीर खात नाही, पण त्यात राहिलेली कणी खातो. चौथी आगीची. सुटं काड भडकतं, यात शंकाच नाही. ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या खोपी कशा पेटतात हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. तूस वेगळा आहे. त्यात सिलिका भरपूर असते, त्यामुळे तो भडकत नाही, धुमसत राहतो. दाबून बांधलेल्या काडाच्या गठ्ठ्यांवर दोन्ही बाजूंनी जाड गिलावा केला तरी आतपर्यंत हवा पोचत नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत, जिथे लाकूडच नव्हतं, तिथे लोकांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला अशा गठ्ठ्यांची घरं बांधली. आर्थर गावातलं १९२८ चं चर्च अजून उभं आहे.

तर आम्ही पत्र्याच्या खोलीपासून सुरुवात केली. बिघडलं तरी तीच एक खोली बिघडेल, असा मामांचा हिशेब. बोर्ड विकत आणायचे नाहीत, जवळ मिळेल तेच वापरायचं, असं ठरलं. भाताचा तूस गिरणीतून आणला. मामी आणि शेजारच्या काकूंनी तो वाऱ्यावर उफणून कणी वेगळी केली; कणी कोंबड्यांना गेली. मग टाकणखाराचं पाणी आणि चुन्याची निवळी शिंपडून तीन दिवस गच्चीवर वाळवला. टाकणखाराने बुरशी आणि वाळवी दूर राहते आणि पेटण्याचा धोकाही कमी होतो. जुन्या गोणपाटाच्या चार-चार बोटं जाडीच्या उशा शिवल्या, त्यात तूस भरला. बुरुडाकडून तट्ट्या विणून घेतल्या, त्या पत्र्याखाली बांबूच्या आड्यांना बांधल्या, तट्ट्यांवर बारीक तारेची जाळी आणि जाळीवर दोन थरांत उशा. पत्रा आणि उशा यांच्यामधे वीतभर मोकळी जागा सोडली आणि दोन्ही बाजूंना जाळी लावून तापलेली हवा बाहेर जायला वाट ठेवली. विजेची वायर त्या पोकळीतून नेली नाही, भिंतीवरून पाइपातून खाली घेतली. हे शेवटचं वायरमनला पटवायलाच एक सकाळ गेली.

मामांची एक सूचना मी मानली नाही. निपाणी म्हणजे तंबाखू. तुमच्या आईवडिलांना १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आणि शरद जोशींच्या सभा विचारा, अर्धा तास जाईल. मामांचं म्हणणं, तंबाखूच्या काड्या बारीक करून तुसात मिसळू, एकही किडा यायचा नाही. किडा आला नसता हे खरंच आहे. निकोटीन हे कीटकनाशकच आहे. तंबाखूच्या काडीपासून बोर्ड करण्याचे प्रयोगही परदेशात झालेत. पण निकोटीन कातडीतूनही अंगात जातं आणि त्या खोलीत तीन वर्षांचं पोर झोपतं. मामा दोन दिवस माझ्याशी जरा तुटकच बोलले.

गेला मे त्या खोलीने काढला. ती काही महाबळेश्वर झाली नाही, तशी अपेक्षाही नव्हती. दुपारी वर हात धरला की पूर्वी डोक्यावर तवा असल्यासारखी झळ लागायची, ती आता लागत नाही, आणि नातू तिथे झोपतो. जूनमध्ये ध्यानात आलेली गोष्ट आम्ही धरलीच नव्हती: पत्र्यावरच्या पावसाचा आवाज निम्म्याहून कमी झाला. वहिनी म्हणाली, "पहिल्यांदाच पावसात फोनवर बोलता आलं." मामी पाहणी करायला वर गेल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "गिरणीचा वास येतोय." तो महिनाभराने गेला.

यात पाचट कुठे आलं, असं विचाराल. आलं नाही, आणि ते मी मुद्दामच आणलं नाही. पाचटाची पहिली जागा शेतात आहे. जाळलं की त्यातला नत्र हवेत जातो. सरीत कुट्टी करून ठेवलं की ओल टिकते आणि माती सुधारते. मामा दोन वर्षं झाली पाचट जाळत नाहीत. सोयाबीनचं भुसकट आणि कडबा जनावरांचा आहे, त्याला हात लावू नये. कारखान्यातलं चिपाडही आता टाकाऊ राहिलेलं नाही. एक टन उसातून पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं चिपाड निघतं. ते बॉयलरमध्ये जळून कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. गुऱ्हाळात तर चिपाडाशिवाय चुलवाणच पेटत नाही. तूससुद्धा खानापूरकडच्या वीटभट्ट्या घेतात. 'शेतातला कचरा फुकट पडलाय' हे शहरातून दिसतं तितकं खरं नाही. जवळजवळ प्रत्येक काडीला कोणीतरी वाली आहे. प्रश्न इतकाच, की जाळून एकदा मिळणारी ऊब जास्त किमतीची, की वीस वर्षं अडवलेलं ऊन. माझं मत तुसाच्या बाबतीत दुसऱ्या बाजूला आहे. बेळगावात साखरेवर काम करणारी एस. निजलिंगप्पा संस्था आहे, विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, उगारपासून निपाणीपर्यंत कारखान्यांची रांग आहे. चिपाडाचा हलका बोर्ड बनवायला याहून योग्य जागा मला सुचत नाही. आपल्या मंडळातली जी मुलं-मुली सिव्हिल, मेकॅनिकल नाहीतर ॲग्री करतायत आणि प्रोजेक्टचा विषय शोधतायत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना वजनकाटा आणि थर्मामीटर बरोबर न्यावा. मामांच्या गच्चीवरची खोली बघायला या. मामी चहा देतील आणि तुसाची गोष्ट माझ्यापेक्षा रंगवून सांगतील.

खालच्या हॉलचं काम अजून बाकी आहे. तिथे स्लॅबखाली थर द्यायचा म्हणजे स्लॅब कुठे झिरपतो हे आधी कळायला हवं, नाहीतर आत ओल धरून सगळं कुजेल आणि वरून दिसणारही नाही. म्हणून मी मामांना एक पूर्ण पावसाळा थांबायला सांगितलंय. त्यांनी नातवाच्या पाटीवरचा खडू घेऊन छताला ओल दिसेल तिथे गोल काढायला सुरुवात केली आहे. परवाच्या फोनपर्यंत सात गोल झाले होते, त्यातले पाच बाथरूमच्या बाजूला.